दुसरी नजर

आमच्या केंद्रात दरवर्षी ऑगस्टमध्ये पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांची ओळख होते. म्हणजे सगळ्यांनी छोट्या हॉलात बसायचं, सरांनी एकेकाचा फोटो पडद्यावर लावायचा, कुठला, काय शिकला, कशावर काम करणार ते सांगायचं, आणि मग टाळ्या. शेवटी सर दाराकडं हात करून म्हणतात, "आणि ह्या नंदाबाई. यांच्याशिवाय आपलं केंद्र चालत नाही." मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी असते. मान हलवते. हेच वाक्य सर जनरेटरबद्दलही बोलतात, म्हणून मी ते फार मनावर घेत नाही.

या वर्षी दोघं आली. अबुबकर भोकरदनचा, उंच, लाजरा, घरी उर्दू आणि बाहेर आमच्यासारखीच बोली. दुसरी अर्पिता, नाशिकची. फोटोतसुद्धा ती समोर थेट बघत होती, जसं काही फोटो काढणाऱ्यालाच तपासतेय.

सर म्हणाले, "फवारणीचा पेशींवर होणारा परिणाम, हा आपला जुना प्रकल्प आता अर्पिता पाहील. नमुने घेणं, काचा वाचणं, सगळं. अबुबकर पहिली नजर आणि अर्पिता दुसरी नजर."

ट्रेमधल्या एका कपातला चहा बशीत सांडला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण टाळ्या चालल्या होत्या.

ही दुसरी नजर काय ते सांगते. आमचं केंद्र जालन्यात, धान्याच्या मोंढ्याच्या पलीकडं, एका ट्रस्टच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. भोकरदनकडच्या गावांत मिरचीवर औषध फवारणारी माणसं असतात, त्यांच्या गालाच्या आतून लाकडी पट्टीनं हलकंसं खरवडून घ्यायचं, काचेवर पसरायचं, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली हजार पेशी मोजायच्या. धडधाकट पेशीत मधोमध एकच जांभळा ठिपका असतो. औषध अंगावर फार गेलं असेल तर काही पेशींत त्या मोठ्या ठिपक्याशेजारी एक बारका ठिपका दिसतो. तशा पेशी हजारात किती, हे लिहायचं. एकाच्या मोजण्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तीच काच दुसऱ्यानं मोजायची. वहीत दोन रकाने, पहिली नजर आणि दुसरी नजर.

पहिली नजर दर चार वर्षांनी बदलायची. पोरं यायची, डॉक्टर होऊन जायची. दुसरी नजर अकरा वर्षं मी होते.

माझं शिक्षण नववी. लागले ती फरशी पुसायला. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "इथं आपण पेशी मोजतो," आणि मला वाटलं, हे वकिलाचं ऑफिस आहे. आमच्या भागात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. निजामाच्या वेळेपासूनचा शब्द. माझ्या दिराची घराच्या भिंतीवरून केस चालू होती, महिन्याला एक पेशी. मी मनात म्हटलं, बरं झालं, ओळखीनं लवकर निकाल लागेल. चार दिवसांनी खरं कळलं तेव्हा एकटीच हसत बसले होते बाटल्या धूत.

पुढं बाटल्या धुता धुता पोरांच्या मागून बघायची सवय लागली. एकदा एका पोराला म्हटलं, "तुम्ही ती डावीकडची सोडली." त्याला राग आला. सरांनी बघितलं, तर सोडलेली होती. त्यानंतर सरांनी मला खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. बारक्या ठिपक्याच्या पेशीचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी तिला लेकुरवाळी म्हणायला लागले. मोठीच्या शेजारी लहानगं. पुढं सगळेच म्हणायला लागले. "आज किती लेकुरवाळ्या, नंदामावशी?" "हजारात सात. माणूस तोंडाला फडकं बांधत न्हाई, सांगा त्याला."

ओळखीचा कार्यक्रम झाल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझं काही चुकलं का मोजण्यात?"

"नाही हो, नंदाबाई." सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, पुढचं वाक्य ते डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकत नाहीत. "जर्नलवाले आता मोजणाऱ्याची पदवी विचारतात. रकान्यात नाव लिहिलं की पुढं पदवी लिहावी लागते. माझा इलाज नाही."

"मंग मी काय करू?"

"गावात नेहमीसारखी ओळख करून द्या पोरांची. ते दुसऱ्या कुणाला जमत नाही."

म्हणजे पोरांची ओळख माझ्या तोंडून, आणि माझी जनरेटरच्या शेजारी.

पुढच्या दिवसांत मी त्या पोरीवर फार बारीक लक्ष ठेवलं. जळणाऱ्या माणसाला काम पुष्कळ असतं. तिनं माझं स्टूल दोन इंच वर केलं. मी संध्याकाळी खाली केलं, सकाळी ते पुन्हा वर. तिला चष्मा नव्हता. मला एका काचेला तास लागतो, तिला चाळीस मिनिटं, आणि तेसुद्धा कानात गाणी घालून. डबा ती एकटी खायची, निम्मा तसाच ठेवायची आणि आईला फोनवर सांगायची, "हो, सगळा संपवला." हे माझ्या लक्षात यायचं आणि आलं म्हणून माझाच मला राग यायचा. जिच्यावर जळायचं तिच्या जेवणाची काळजी करणं, म्हणजे एका पायात चप्पल आणि एका पायात बूट.

अठराव्या दिवशी मुंबईहून दोन पाहुणे आले. अर्पितानं त्यांना पडद्यावर एक पेशी दाखवली आणि म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये हिला लेकुरवाळी म्हणतात."

पाहुणे खूश झाले. एकानं तर लिहून घेतलं. मी दारात होतेच, ट्रे घेऊन. आमच्या. येऊन अठरा दिवस झाले बाईला.

त्याच दिवशी मी ठरवलं, हिला ती गोष्ट सांगायची नाही. दर नव्या पोराला मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगते. रंगाचा कचराही कधी कधी बारक्या ठिपक्यासारखाच दिसतो. कचरा कुठला आणि लेकरू कुठलं, हे ओळखायची एक खूण आहे. पुस्तकात असेल, मला माहीत नाही, मी ती बघून बघून शोधली. अबुबकरलाही सांगितली नाही, कारण तो तिला सांगितल्याशिवाय राहिला नसता.

सप्टेंबरात आम्ही जीपनं पिंपळगाव रेणुकाईला गेलो. त्या गावात मी अकरा वर्षं जाते. फवारणी संपून पंधरा दिवसांच्या आत नमुने घ्यावे लागतात, नाहीतर गालाची कातडी नवी येते आणि सगळं धुऊन निघतं. चाळीस माणसं हवी होती, आणि दिवस तो एकच. नाही मिळाली तर अर्पिताचं पहिलं वर्ष कोरं. जीपमध्ये ती मांडीवर काचांचा डबा धरून बसली होती, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायची, तान्ह्या लेकरासारखा.

देवीच्या मंदिरासमोर ओट्यावर माणसं जमली होती. पुढं कडूबा भाऊ, साठीचे, मिरचीचं मोठं रान, आणि सख्ख्या चुलतभावाशी बांधावरून बारा वर्षं चाललेली केस. गावात कुणी आधी तोंड उघडायचं हे त्यांच्यावर असायचं. ते उघडायचे, मग बाकीचे.

दरवर्षी मी एकच सांगते. "ही पोरं माझी हायेत. गालातली साय काढत्यात, दुखत न्हाई. यांच्यापुढं तोंड उघडायला हरकत न्हाई." साय म्हटलं की बायकांना बराबर कळतं.

त्या दिवशी मी उभी राहिले. अर्पिता शेजारी, पोटाशी कागदांची चळत धरून. हे कागद संमतीचे, प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मला हसून मान डोलावली, करा ओळख. आणि माझ्या तोंडून निघालं,

"ह्या अर्पिता मॅडम. लई शिकलेल्या. पेशीचं काम करत्यात. तुमच्या समद्यांच्या पेशी घ्यायला आल्यात. कागदावर सही लागंल."

आणि मी खाली बसले. खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागच्या दोन बायका उठून डोक्यावर पदर घेत निघूनच गेल्या. कडूबा भाऊ अर्पिताच्या जवळ आले.

"मॅडम, आमची पेशी तर पंधरा तारखेला हाय. आज कशी काय?"

"आजच घ्यावी लागेल, काका," अर्पिता म्हणाली. "पंधराला फार उशीर होईल."

"वकील न्हाई आला तरी?"

तिला वाटलं, ते थट्टा करतायत. ती हसली. "वकील कशाला? दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिन्टं." कडूबा भाऊंनी मागं बघून लोकांना सांगितलं. "बारा साल झाले, आन् ह्या दोन मिन्टात म्हणून राह्यल्या." मग पुन्हा तिच्याकडं, आवाज खाली आणून, "आन् समोरची पार्टी? माझा भाऊ?"

"तुमचे भाऊ पण फवारतात ना? त्यांच्याही घेणार. पण कुणाचं कुणाला कळणार नाही. नाव गुप्त राहतं."

"गुप्त," कडूबा भाऊ म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बंद झाला. "सही करायची, आन् समोरच्याचं गुप्त. बरं हाय."

पाच मिनिटांत ओटा रिकामा. काही जण चावडीजवळ जाऊन उभे राहिले, लांबून बघत. एक म्हातारी तर नातवाला घरात ओढून घेऊन गेली, जणू त्याच्यावरही दावा लागणार होता.

सुरुवातीला मला बरं वाटलं. कबूल करते. अंगावर थंड पाणी घेतल्यासारखं बरं वाटलं. जा म्हटलं, वाच आता काचा. स्टूल आणखी दोन इंच वर घे.

अबुबकर माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, चपलेनं मातीत रेघ ओढत राहिला.

"मौसी," तो म्हणाला, "आमच्या अब्बांची दुकानाची केस होती. मी लहानपणी त्यांच्यासंगं पेशीला जायचो. भोकरदनच्या कोर्टात, बेंचवर झोपायचो."

"मंग?"

"काही न्हाई. तुम्ही पेशी म्हणलात, म्हणून आठवलं."

एवढंच.  तिकडं अर्पिता पायरीवर बसून डबा उघडत होती, कोऱ्या काचा मोजत होती, पुन्हा बंद करत होती. चाळीस काचा किती वेळा मोजल्या तरी चाळीसच भरतात.

तेवढ्यात कडूबा भाऊ परत आले. तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

"नंदाबाई, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा, भाऊ."

"अकरा साल तुमच्या शब्दावर ह्या गावानं तोंड उघडलं. तुमी म्हणलात गिळ, तर गिळलं असतं. कागद काय, सही काय, आमी कधी वाचलं न्हाई. तुमी होत्या म्हणून. आन् आता तुमीच कोर्टाची माणसं घेऊन आल्या. आमच्याकडून काही चुकलं का तुमचं?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांचं काहीतरी चुकलं, म्हणून मी असं केलं. मी जिचा काटा काढायला गेले ती पायरीवर काचा मोजत होती, आणि इकडं माझी अकरा वर्षं मीच ओट्यावर सांडून ठेवली होती. वहीतला रकाना सरांनी घेतला होता. हा दुसरा रकाना माझा मीच खोडला.

"भाऊ, तुमचं न्हाई चुकलं," मी म्हटलं. "माझं चुकलं. लोकांना बोलवा."

"कशाला?"

"बोलवा तर."

लोक आले, पण लांब उभे राहिले. मी तांब्यातल्या पाण्यानं दोनदा चूळ भरली, ओट्याच्या मधोमध बसले आणि अर्पिताला म्हटलं, "पट्टी घे. माझ्यापासून सुरू कर."

"पण मावशी, तुम्ही फवारत नाही. तुमचा नमुना अभ्यासात धरता येणार नाही."

"नको धरू. घे."

मी तोंड उघडलं. माझ्या डाव्या बाजूच्या दोन दाढा नाहीत, हे त्या दिवशी अख्ख्या पिंपळगावला कळलं. पोरीची पट्टी हलकी होती. चांगला हात आहे, हे मला तेव्हाच जाणवलं, आणि तेही आवडलं नाही. तिनं काचेवर पुसून घेतलं, मी तोंड मिटलं आणि बोलले.

"ही साय. कोर्टाची पेशी न्हाई. दोन्हीला एकच शब्द हाय आन् मी तो बोलले, ती माझी चूक. ह्या पोरीला आपली बोली येत न्हाई, तिचा काही दोष न्हाई. ती नाशिकची हाय, घर सोडून आलीये, डबा निम्मा ठेवती. ही पोर माझी हाय. हिच्यापुढं तोंड उघडायला हरकत न्हाई."

कडूबा भाऊंनी तांब्या उचलला. मग चूळ भरून येऊन बसले. "मंग पंधरा तारखेचं तसंच राह्यलं म्हणा," ते म्हणाले, आणि लोक हसले.

चाळीसांपैकी एकतीस मिळाले. निघून गेलेल्या बायका आल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर अबुबकरनं तिला पेशी म्हणजे काय ते सांगितलं. अर्पिता इतकी हसली की तिच्या मांडीवरचा डबा हलायला लागला. "म्हणून ते वकील म्हणत होते! आणि मी म्हणाले दोन मिनिटांत." डोळे पुसून ती मागं वळली. "मावशी, तुमच्याही लक्षात आलं नाही ना?"

अबुबकर खिडकीबाहेर बघायला लागला. "बोलण्याच्या भरात नसंल आलं," तो म्हणाला.

चांगलं पोरगं आहे. माझ्यासाठी त्यानं दार उघडं ठेवलं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं.

"आल्तं," मी म्हटलं.

अर्पिता पुढं वळली आणि जालना येईपर्यंत काचांचा डबा दोन्ही हातांनी धरून बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी मावशीची नंदाबाई झाले. "नंदाबाई, बाटल्या झाल्या का." "नंदाबाई, रंग संपलाय." सरांना तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिच्यावर आणखी थोडं जळून घेतलं असतं, तीही सोय तिनं ठेवली नाही. एकतीस काचा रंगवल्या गेल्या. अबुबकर मोजायचा, मग ती. मी फरशी पुसायचे आणि स्टूल जिथं होतं तिथंच राहू द्यायचे.

आठ-दहा दिवसांनी दुपारी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हातात एक काच.

"ही तुमची. अभ्यासात नाही, पण मी मोजली. हजारात चार."

"बरं."

"तुम्ही बघा."

"माझी नजर आता धरत न्हाईत."

तिनं वही माझ्यापुढं ठेवली. दोन रकान्यांच्या उजवीकडं पट्टीनं एक नवी रेघ ओढलेली होती, आणि वर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, तिसरी नजर. खाली एकतीस चौकोन मोकळे. "सरांना विचारलं," ती म्हणाली. "या रकान्याला पदवी लागत नाही. तो छापला जाणार नाही. पण पहिल्या दोन नजरांचं जुळलं नाही की आम्ही याच्यात बघणार. आणि अबुबकरचं आणि माझं नऊ काचांत जुळत नाहीये."

अकरा वर्षं दुसरी होते. तिसरी आले. छापली न जाणारी. वाईट वाटून घ्यायला हे पुरेसं होतं आणि मी घेतलंही. पण तोवर मी स्टुलावर बसले होते. पाय जमिनीला टेकेनात, दोन इंच वरच होतं ते. मी चष्मा लावला आणि माझ्याच गालात बघायला लागले.

तासानं मी मान वर केली. "पाच."

"चार," ती म्हणाली.

"पाच."

तिनं मला उठवलं आणि स्वतः बसली. मी आत जाऊन चहा ठेवला. आलं किसलं, साखर घातली, दूध उतू जाऊ दिलं नाही, सगळं सावकाश. बाहेर आले तरी ती काच इकडून तिकडं सरकवत होती, ओठ घट्ट मिटून. कानात गाणी नव्हती. शोधू दे म्हटलं. मला तरी ही खूण कुणी शिकवली होती?

चहा अर्धा निवाला. तिचा डबा शेजारी तसाच होता, झाकणही काढलं नव्हतं.

"वरच्या कोपऱ्यात बघ," मी शेवटी म्हटलं. "तिथं एकीच्या लेकराला तू कचरा समजलीस."

"कचराच आहे तो. बघितला मी."

"बारका स्क्रू हळूहळू फिरव. कचरा वर तरंगतो, आई धूसर झाली तरी तो स्पष्टच राहतो. लेकरू आईच्याच पातळीला असतं. ती धूसर झाली की तेही धूसर, ती दिसली की तेही दिसतं."

तिचं बोट स्क्रूवर फिरलं. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मग थांबलं.

"पाच," ती म्हणाली. मग मान न वळवताच विचारलं, "हे मला पहिल्या आठवड्यात का नाही सांगितलं, मावशी?"

"तू माझं स्टूल वर केलंस."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं, मग स्टुलाच्या पायांकडं.  त्या नऊ काचा काढून तिनं माझ्यापुढं ओळीनं ठेवल्या आणि डबा घेऊन शेजारच्या टेबलावर जेवायला बसली.

पुढच्या ऑगस्टात नवी पोरं येतील. ही त्यांना म्हणेल, आमच्या लॅबमध्ये कचरा असा ओळखतात. मी दारात असेन, ट्रे घेऊन. तेव्हा काय वाटायचं ते वाटेल. सध्या मी खाली वाकून स्टूल दोन इंच उतरवलं आणि पहिली काच लावली.